मधला माणूस

मराठीत मधल्या माणसाला बरे नाव नाही. दलाल म्हटले की शिवी होते, अडत्या म्हटले की शेतकऱ्याच्या कपाळाला आठी पडते आणि मध्यस्थ म्हटले की लग्न जुळवणारे एखादे तात्या डोळ्यांपुढे येतात. त्यातल्या त्यात तात्यांचे नशीब बरे. निदान लग्नात त्यांना पहिल्या पंगतीचा मान असतो. पण संसार सुखाचा झाला तर ते मुलीचे भाग्य, आणि भांड्याला भांडे लागू लागले की ‘तात्यांनी गळ्यात बांधले!’ मधल्या माणसाचे यश दुसऱ्याच्या नावावर जमा होते. अपयश तेवढे त्याच्या खाती राहते.

अशाच एका मधल्या माणसाविषयी आज लिहायचे मनात आहे. त्याचा असा काही धंदा असतो हे गेल्या वर्षापर्यंत मला ठाऊकही नव्हते. गाणे ऐकण्याची उंची यंत्रे तो विकतो. ती यंत्रे त्याने बनवलेली नसतात; ती सातासमुद्रापलीकडून येतात. गाणे तर त्याचे नव्हेच. त्याच्या मालकीच्या दोनच वस्तू असतात: एक खोली आणि त्या खोलीतली एक खुर्ची.

माझे मामेभाऊ बँकेतून निवृत्त झाले. आम्ही सगळी भावंडे त्यांना दादा म्हणतो. दादांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे पैसे मोजले आणि स्वतःच्या पैशांतून तबकड्या जमवल्या. दोनेकशे तरी असतील. निवृत्तीनंतर त्यांनी ठरवले की आता त्या ऐकायला एक चांगले यंत्र घ्यायचे. वहिनींनी आकडा ऐकला आणि त्या देवघरात निघून गेल्या. मला मात्र दादांनी पुण्याच्या त्या दुकानात बरोबर नेले. “तू कादंबऱ्या लिहितेस, तुला माणसे कळतात. दुकानदार लबाड आहे का तेवढे पाहा,” म्हणाले.

दुकान एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होते. बाहेर चपला काढायच्या होत्या, त्यामुळे देवळात आल्यासारखे वाटले. खोलीत मधोमध एक खुर्ची, समोर स्पीकरची एकच जोडी. भिंतीशी रांगेने मांडलेला माल नाही, किमतीच्या चिठ्ठ्या नाहीत. दुकानदार साठीचे गृहस्थ. त्यांनी दादांना किती खर्च करणार हे विचारलेच नाही. विचारले ते असे: “साहेब, खोली केवढी आहे? फरशी कसली? शेजारी वरचेवर भांडायला येतात का? आणि तुम्ही ऐकता काय?”

दादांनी पिशवीतून हिराबाई बडोदेकरांची तबकडी काढली. त्या गृहस्थांनी ती दोन्ही हातांनी घेतली, उजेडात तिरपी धरून पाहिली, पुसली आणि लावली. मग ते स्वतः दारापाशी जाऊन उभे राहिले. खुर्ची दादांची.

मी विचारले, “दुकानात एकच जोडी कशी हो?”

“ताई, दुसरी जोडी पलीकडच्या खोलीत आहे. इथे आणली तर ती न वाजवताही वाजते. तिचे पडदे समोरच्या आवाजाने हलतात आणि खोलीतला आवाज गढूळ करतात. सतारीच्या तरफा नाही का, वरची तार छेडली की आपोआप बोलतात?”

हा नियम त्यांच्या मनचा नव्हता. त्याचा उगम आहे स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात, आणि त्यामागची हकीकत मला पुढे वाचायला मिळाली. ती मोठी गमतीची आहे.

आयव्हर टिफेनब्रुन नावाच्या तरुणाने १९७३ मध्ये ‘लिन’ नावाची कंपनी काढली. त्याच्या वडिलांचा यंत्रांचे बारीक कामाचे सुटे भाग घडवण्याचा कारखाना होता. तिथल्या अचूकपणाच्या जोरावर त्याने तबकडी फिरवणारे एक यंत्र केले. त्याचे नाव एलपी-१२. त्या काळी जाणकारांचे मत असे होते की तबकडी फिरवणाऱ्या यंत्राने नेमक्या वेगाने, गडबड न करता फिरावे. त्यात आणखी काय असणार? आवाजाचा बरेवाईटपणा ठरवतात ते स्पीकर. पैसा तिथे घालावा. हा गृहस्थ म्हणू लागला की उलटे आहे. तबकडीच्या खाचेतून जे पहिल्यांदा उचललेच गेले नाही ते पुढचा कोणताही स्पीकर परत आणू शकत नाही. उगमाशीच पाणी आटले तर खाली घाट कितीही सुंदर बांधा!

बोलणे सोपे होते, पटवणे कठीण. जाहिरातीतून ते पटणारे नव्हते, कारण कागदाला आवाज नसतो. ते पटवायला एक खोली हवी, एक खुर्ची हवी आणि आधी एक, मग दुसरे यंत्र लावून “आता ऐका” म्हणणारा एक माणूस हवा. म्हणून त्याने निवडक दुकानदार जोडले आणि त्यांना अटी घातल्या. ऐकवायच्या खोलीत स्पीकरची एकच जोडी, ही त्यांतली सर्वांत गाजलेली. दक्षिण इंग्लंडमधल्या सॉल्सबरी गावी ज्युलियन व्हेरेकर यांची ‘नेम’ ही ॲम्प्लिफायर करणारी कंपनी त्याच सुमाराची. या दोघांचा माल बहुधा एकाच दुकानात मिळे. त्यांचे दुकानदार म्हणजे जणू एका पंथाचे वारकरीच झाले.

पण दुकानदाराची गरज नुसती ऐकवण्यापुरती नव्हती. एलपी-१२ च्या पोटात एक सांगाडा तीन स्प्रिंगांवर तोललेला असतो. तो दाबून सोडला की सरळ वरखाली झुलला पाहिजे. तिरका झुलला तर यंत्राचा गुण गेला. हा तोल साधायचा कोणी? कारखान्याने? यंत्र खोक्यात घालून हजारो मैल पाठवायचे म्हणजे तो तोल जागेवर पोहोचेपर्यंत टिकणे नाही. तेव्हा ते काम दुकानदाराच्या बोटांवर आले. हे यंत्र २०२३ मध्ये पन्नास वर्षांचे झाले. मधल्या काळात त्यात किती तरी सुधारणा झाल्या आणि त्यांतल्या बहुतेक जुन्या यंत्रातही बसवता येतात. तेही दुकानदारच करतो.

हे वाचताना मला आपली मिरज आठवली. तिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण मानांकनाच्या आधी किती तरी पिढ्या गवई त्या गल्लीत जात आले आहेत. तानपुरा तयार झाला, तारा चढल्या, तरी तो अजून मुका असतो. कारागीर घोडीला हलकी कानस लावतो, तारेखाली सुताचा एक धागा घालतो, तो केसभर मागे, केसभर पुढे सरकवतो, आणि एका क्षणी तार भरून बोलू लागते. त्याला आपण जवारी म्हणतो. मिरजेत घडवणारा, जवारी लावणारा आणि विकणारा असा एकच माणूस पुष्कळदा समोर बसलेला असतो. मधे कोणी नाही.

ग्लासगोच्या यंत्राचे मात्र तसे नाही. ते घडते एका देशात आणि त्याला जवारी लागते दुसऱ्या देशात, दुसऱ्याच माणसाच्या हातून. त्या जवारीची मजुरी कोणत्याही पावतीवर लिहिलेली नसते. ती खोक्याच्या किमतीत लपलेली असते. कारखानदार आणि दुकानदार यांच्यातल्या साऱ्या प्रेमाचे आणि साऱ्या भांडणाचे मूळ मला या एकाच गोष्टीत दिसते.

प्रेमाचे दिवस आधी सांगते.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर वर्दिंग नावाचे गाव आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे जॉन बोवर्स आणि रॉय विल्किन्स या दोन मित्रांनी रेडिओचे दुकान थाटले. बोवर्स दुकानाच्या मागल्या बाजूला हौसेने स्पीकर करीत असत. संगीताची आवड असलेल्या एका वृद्ध बाईंना त्यांनी असेच स्पीकर करून दिले. बाई वारल्या तेव्हा मृत्युपत्रात बोवर्स यांच्या नावे दहा हजार पौंड निघाले. त्या पैशातून १९६६ मध्ये ‘बोवर्स अँड विल्किन्स’ हा कारखाना उभा राहिला आणि पुढे त्याचे स्पीकर लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत जाऊन बसले. म्हणजे आजचा हा एवढा बडा कारखानदार मुळात दुकानदार होता, आणि त्याचे भांडवल म्हणजे एका ग्राहकाचे तृप्त झालेले कान!

अमेरिकेत एडगर व्हिलचर आणि हेन्री क्लॉस यांनी १९५४ मध्ये ‘अकूस्टिक रिसर्च’ ही कंपनी काढली. तिने न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात आणि केंब्रिज गावात गाणे ऐकण्याच्या खोल्या उघडल्या. आत यावे, बसावे, हवे तितके ऐकावे. विकत मात्र तिथे काही मिळत नसे. आवडलेच तर आपल्या गावच्या दुकानात जाऊन घ्यावे. आगगाडी चुकलेल्या किती जणांनी तिथे बीथोव्हन ऐकला असेल कोण जाणे.

‘मॅकिंटॉश’ कंपनीची रीत त्याहून वेगळी. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावची ही कंपनी १९६२ पासून आपला माणूस मोजमापाच्या उपकरणांसह गावोगावच्या दुकानांत पाठवू लागली. ज्याला वाटेल त्याने घरचा ॲम्प्लिफायर उचलून आणावा, मग तो कोणत्याही कंपनीचा असो. तो फुकट तपासून मिळे आणि त्याची प्रकृती कशी आहे याचा आलेख हातात पडे. याला नावही ‘क्लिनिक’ असेच होते. हा उपक्रम १९९१ पर्यंत, म्हणजे जवळजवळ तीस वर्षे चालला. तपासणीचा खर्च कारखान्याचा आणि दारात लोटलेली गर्दी दुकानदाराची. मधल्या माणसाला याहून अधिक काय हवे?

आता भांडण.

त्यासाठी परदेशी जायला नको; आमच्या दादांच्या ओसरीवर येऊ या. दुकानात तीन खेपा झाल्या होत्या. तिसऱ्या खेपेला त्या गृहस्थांनी दादांच्या घरी येऊन खोली पाहिली, टाळी वाजवून पाहिली, खिडकीला जाड पडदा लावायला सांगितला आणि स्पष्ट म्हणाले, “साहेब, तुम्ही मनात धरलेली मोठी जोडी या खोलीत घेऊ नका. खालचे स्वर घुमतील, तंबोऱ्याचा ढोल होईल. धाकटी जोडी घ्या. उरलेल्या पैशात तबकड्या घ्या.” वहिनी त्याच क्षणी देवघरातून बाहेर आल्या आणि त्यांनी चहा टाकला.

संध्याकाळी पुतण्या आला. त्याने मोबाईलवर बोट फिरवले आणि सांगितले की हीच धाकटी जोडी दुसऱ्या शहरातला एक व्यापारी बावीस हजारांनी स्वस्त देतो. खोके थेट घरी येईल.

“पण दाखवली यांनी,” दादा म्हणाले.

“दाखवली म्हणून बावीस हजार? बाबा, तुम्ही बँकेत होतात ना?”

“त्यांनी तीनदा वेळ काढला. घरी आले.”

“ते त्यांचे कामच आहे. आत्या, तू सांग. तू मुलांना शिकवतेस त्याचे मुले वेगळे पैसे देतात का?”

मी गप्प राहिले, कारण प्रश्न चांगला होता. मुले देत नाहीत हे खरे. पण कोणीतरी देते म्हणून मी दुसऱ्या दिवशी वर्गात उभी राहू शकते. त्या दुकानदाराला मात्र ती खोली, ती खुर्ची, ते तीन दिवस आणि ती टाळी, यांचे कोणीच काही देत नाही. खोके विकले गेले तरच मिळते. आणि ज्याने खोली ठेवली नाही, खुर्ची ठेवली नाही, त्याला ते खोके स्वस्त विकायला काय हरकत? एकाने विहीर खणायची आणि दुसऱ्याने पोहरा घेऊन पाणी विकायचे, असा हा प्रकार.

हा तंटा जुना आहे आणि मोठमोठ्या न्यायासनांसमोर जाऊन आलेला आहे. कारखानदाराने दुकानदाराला ‘या किमतीखाली विकू नकोस’ असे बांधून घालावे का? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९११ मध्ये एका औषधवाल्या कंपनीच्या खटल्यात सांगितले, नाही. ब्रिटनच्या पार्लमेंटने १९६४ मध्ये कायदा करून बहुतेक मालापुरती अशी बंधने मोडीत काढली. ग्राहकाला स्वस्त मिळावे हा हेतू, आणि तो वाईट कोण म्हणेल? घासाघीस हा तर आपल्याकडे स्त्रीधर्म आहे.

पण दुसरी बाजूही न्यायालयाने ऐकली. सिल्व्हेनिया ही दूरचित्रवाणी संच करणारी कंपनी. साठीच्या सुमारास देशातल्या विक्रीत तिचा वाटा जेमतेम एक-दोन टक्के होता. १९६२ मध्ये तिने ठरवले की वाटेल त्याला माल द्यायचा नाही. मोजके दुकानदार निवडायचे आणि प्रत्येकाने नेमून दिलेल्या जागीच विकायचे. १९६५ पर्यंत तिचा वाटा पाच टक्क्यांच्या आसपास गेला. पुढे तिने सॅन फ्रान्सिस्कोत एका जुन्या दुकानदाराच्या जवळच दुसऱ्याला एजन्सी दिली. जुना चिडला. त्याने सॅक्रामेंटो शहरात विकायची परवानगी मागितली; कंपनीने नाकारली; त्याने तरीही माल नेला; आणि प्रकरण वकिलांकडे गेले. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवाडा दिला की दुकानदाराला जागा नेमून देणे हे मुळातच बेकायदा म्हणता येणार नाही; त्याचा व्यापारावर खरोखर काय परिणाम होतो हे तपासावे. ज्याला आपली विहीर दुसरा उपसणार नाही एवढा भरवसा आहे तोच विहीर खणतो, हे एक कारण तिथे मान्य झाले. २००७ मध्ये एका चामड्याच्या पर्सांच्या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी १९११ चा जुना निकालही बाजूला पडला. आपल्याकडे स्पर्धेचा २००२ चा कायदा अशा बंधनांचा विचार त्यांच्या परिणामावरूनच करतो.

न्यायमूर्तीसुद्धा पाच आणि चार असे विभागले जातात, तिथे दादा आणि पुतण्या यांचे एकमत कसे होणार? पण मला त्या सिल्व्हेनियाच्या गोष्टीत निराळेच दिसले. ज्या दुकानदाराला कंपनीने निवडले, त्याच्याच उशाशी तिने दुसरा आणून बसवला. संरक्षण देणारा हात तोच आणि काढून घेणारा हातही तोच. कायद्याने कारखानदाराला दुकानदाराचे रक्षण करायची मुभा दिली. रक्षण केलेच पाहिजे असे कोठे म्हटले?

पुण्याच्या त्या गृहस्थांच्या टेबलावर असेच एक पत्र होते. कोणत्या परदेशी कंपनीचे ते सांगण्यात अर्थ नाही. पत्रात लिहिले होते की यंदा विक्रीचा आकडा अमुक झाला नाही तर एजन्सीचा फेरविचार करावा लागेल. ऐकवण्यासाठी ठेवायची यंत्रे त्यांनी स्वतःच्या पैशाने घेतली होती. नवा नमुना निघाला की जुन्याची किंमत उतरते, तो तोटाही त्यांचाच. मी विचारले, “तुम्ही कंपनीला सांगत का नाही?”

“कोणाला सांगू, ताई? पूर्वी कंपनी काढणारा म्हातारा स्वतः आला होता. या खुर्चीत बसला होता. माझ्या मुलीच्या मुंजीच्या… नाही, मुलाच्या मुंजीचे लाडू त्याने खाल्ले. आता म्हातारा नाही. कंपनी दोनदा विकली गेली. पत्राखाली सही करणारा माणूस दरवर्षी निराळा.”

त्यांच्या बोलण्यात अतिशयोक्ती असेल असे मला वाटले होते. नंतर मी बोवर्स अँड विल्किन्सचा पुढचा इतिहास पाहिला. एका बाईच्या मृत्युपत्रातून जन्मलेली ती कंपनी २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका नव्या कंपनीने घेतली, २०२० मध्ये ती दुसरीकडे गेली, २०२२ मध्ये मासिमो या कंपनीकडे गेली आणि २०२५ मध्ये हार्मनकडे. ही मासिमो म्हणजे करोनाच्या दिवसांत आपण बोटाला लावत होतो तशी प्राणवायू मोजणारी यंत्रे करणारी! आणि हार्मन तरी स्वतंत्र कुठे? ती २०१७ पासून सॅमसंगची आहे. नऊ वर्षांत चार घरे. सासुरवाशिणीने कोणाला आपले म्हणावे आणि दुकानदाराने कोणाला पत्र लिहावे? फुकट तपासणीची गाडी फिरवणारी मॅकिंटॉशही २०२४ मध्ये बोस कंपनीने विकत घेतली.

बोसची तर आणखी एक गंमत. स्वातंत्र्यचळवळीत पडून अमेरिकेला गेलेल्या एका बंगाली गृहस्थांचे चिरंजीव अमर बोस यांनी १९६४ मध्ये ती स्थापन केली. पुढे मधला माणूस गाळून कंपनीने देशोदेशी स्वतःची दुकाने उघडली. २०२० मध्ये अमेरिका, युरोप, जपान आणि ऑस्ट्रेलिया मिळून तिने आपली ११९ दुकाने बंद करण्याचे जाहीर केले. लोक घरबसल्या मागवतात, हे कारण. म्हणजे मधल्याला गाळून कारखानदार त्याच्या जागी बसला तरी खुर्चीचे भाडे निघत नाही ते नाहीच.

दुकानदार सगळे संत असतात असे मात्र माझे म्हणणे नाही. साध्या कपड्यातल्या माणसाला दारातूनच परत लावणारे आहेत. ज्या मालात नफा अधिक त्याचीच आरती ओवाळणारे आहेत. हातभर तारेला महिन्याच्या पगाराएवढी किंमत सांगून ‘कान तयार व्हावे लागतात’ असे वर ऐकवणारेही आहेत. अशांची दुकाने मोबाईलने बंद पाडली तर मी तरी सुतक पाळणार नाही. वाईट याचे वाटते की मोबाईल निवड करीत नाही. तो लबाडालाही बुडवतो आणि ‘मोठी जोडी घेऊ नका’ म्हणणाऱ्यालाही.

‘घेऊ नका’ म्हणणारा मधला माणूस ही चीज दुर्मिळ आहे. कारखानदार ते कधी म्हणणार नाही. मोबाईलवरची जाहिरात तर मुळीच नाही. माझे सारे कुतूहल, आणि खरे सांगायचे तर माझी सारी धास्ती, इथे आहे. कारण मीही मधलीच बाई आहे. पुस्तक बालभारतीचे, मूल आईबापांचे, आणि त्या दोघांच्या मध्ये खडू घेऊन उभी राहणारी मी. पुस्तकातला धडा आता पडद्यावरही मिळतो, आणि माझ्याहून सुंदर चित्रांसह मिळतो. पण तिसऱ्या बाकावरचा मुलगा आज उपाशी आला आहे, याला आज अपूर्णांक नको, हे पडद्याला दिसत नाही. वर्गातही रोज थोडी जवारी लावावी लागते.

दादांचा निर्णय सांगायचा राहिला. ते दुसऱ्या दिवशी दुकानात गेले आणि बँकेतल्या माणसाला शोभेल अशा सरळपणे त्यांनी तो स्वस्त आकडा सांगितला. त्या गृहस्थांचा चेहरा उतरला नाही. त्यांना तो ठाऊक होता. म्हणाले, “सहा हजार सोडतो. त्याहून खाली आलो तर मी दुकान कशाला उघडू? तुम्ही तिकडून घ्या, मला राग नाही. फक्त लावायला मला बोलावू नका. नाही म्हणणे मला जमत नाही.”

दादांनी तिथूनच घेतले. सोळा हजार अधिक मोजले. पुतण्याने घरी कपाळावर हात मारून घेतला. यंत्र लावायला ते गृहस्थ आले तेव्हा चार तास गुडघ्यांवर बसले होते. स्पीकर बोटभर पुढे, बोटभर मागे. शेवटी हिराबाईंची तबकडी लागली, आणि आलापाच्या आधी नुसता तानपुरा सुरू झाला तेव्हा वहिनी स्वयंपाकघरातून विचारत्या झाल्या, “कोण आलं आहे गं गायला?”

पुतण्याही ऐकत होता. जाताना तो त्या गृहस्थांना म्हणाला, “काका, तुम्ही ऐकवायचे आणि लावायचे पैसे वेगळे का घेत नाही? तेवढी पाटी लावा. ज्याला फक्त खोके हवे तो खोके घेईल.”

“अरे, आपल्याकडे लोक जलशाचेसुद्धा पास मागतात,” ते हसून म्हणाले. पण मग थांबून त्यांनी विचारले, “किती ठेवू?”

मला वाटते, मुलाचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. ग्रँड सेंट्रलच्या खोलीचा खर्च कारखान्याने उघडपणे आपल्या अंगावर घेतला होता. तपासणीच्या गाडीचाही घेतला होता.  ज्या कारखानदाराला आपले यंत्र कोणीतरी प्रेमाने ऐकवावे असे वाटते, त्याने त्या खोलीच्या भाड्यात वाटा उचलावा. ज्या ग्राहकाला ऐकून घ्यायचे आहे, त्याने ऐकण्याचे दाम मोजावे. ते दोघेही देणार नसतील तर खोली जाईल, आणि ती गेल्याचे कोणत्याही वर्तमानपत्रात छापून येणार नाही.

दिवाळीचे दिवस आहेत. पानोपानी सवलतीच्या जाहिराती आहेत आणि खरेदीला कोणी ‘घेऊ नका’ म्हणणार नाही. तरीही यंदा काही मोठे घेणार असाल, मग ते गाण्याचे यंत्र असो, शिवणयंत्र असो की मुलाची पहिली पेटी, तर मोबाईल जरूर पाहा. पण एकदा जिना चढून वरही जा. आणि तिथे चपला काढून बसलात, तासभर ऐकलेत, चहा घेतलात, तर उठताना सोळा हजारांचा नसला तरी काहीतरी हिशेब तुमच्याकडे निघतो, एवढे ध्यानात असू द्या.